घरात अडकल्यावर पाहिलेल्या मालिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोण विचारतं आणि उत्तरं कोण देतंय?

मी डोंबिवलीत राहते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही चौघं होतो : मी, नवरा, तेव्हा सातवीत असलेली लेक आणि सासूबाई. टीव्ही एकच. त्या वर्षात जे जे पाहिलं ते मी लेकीच्या अर्धवट राहिलेल्या शंभरपानी वहीत लिहीत गेले. मालिका कुठली, भाग कितवा, कोण सोबत बसलं, कोण मधेच उठलं. अशी वही आहे हे नातेवाइकांत पसरलं आणि तेव्हापासून कुणी घरी अडकलं की मला फोन येतो. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाचा पाय प्लास्टरमध्ये, कुणाकडे बाळंतीण. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढते आहे. सगळी मतं माझी आणि आमच्या घरातली आहेत.

एकच सल्ला द्यायचा झाला तर?

वेळ ठरवा. काय बघायचं ते मागाहून ठरवलं तरी चालेल.

घरात अडकलं की आधी वार हरवतो. सोमवार की गुरुवार हे आठवेनासं होतं, मग आंघोळीची वेळ सरकते, जेवण तीनला होतं, रात्री झोप येत नाही. आमचं पहिल्या तीन दिवसांतच असं झालं होतं. २८ मार्चला सकाळी नऊला रामायण लागलं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की सासूबाई साडेआठला आंघोळ करून, केस बांधून, खुर्ची पुढे ओढून बसलेल्या आहेत. त्यांच्यामुळे चहा आठला व्हायला लागला, चहामुळे बाकी सगळं. घर रुळावर आलं ते त्या नऊच्या ठोक्याने. म्हणून मी सगळ्यांना सांगते : दिवसाला एक भाग, फार तर दोन, पण रोज त्याच वेळेला. आणि शक्यतो कुणाच्या तरी सोबतीने.

एका बैठकीत सगळा सीझन संपवला तर काय बिघडतं?

मीही तसं केलंय. ‘पाताल लोक’चे नऊ भाग मी आणि नवऱ्याने दोन रात्रींत संपवले. मालिका उत्तम आहे, जयदीप अहलावतचा हाथीराम चौधरी हा थकलेला, घरी-दारी कमी लेखला गेलेला पोलीस विसरता येत नाही. पण वही काढून बघते तर पाचव्या ते आठव्या भागापुढे मी एक शब्द लिहिलेला नाही. आठवतही काही नाही. एवढ्या कष्टाने केलेलं काम आपण गिळून टाकलं, चव घेतलीच नाही, याची मला खरंच खंत वाटते.

पुरवून पाहिलं की मधल्या तेवीस तासांत मालिका घरात फिरत राहते. भाजी निवडताना कुणीतरी म्हणतं, ‘त्याने ती किल्ली मुद्दामच ठेवली असणार.’ घरात अडकलेल्या माणसांना बोलायला विषय लागतो. बाहेरून कुणी येत नाही, आपण कुठे जात नाही, मग बोलणार कशावर? रोजचा एक भाग तो विषय पुरवतो.

रामायण आज पाहवतं का? की नुसत्या जुन्या आठवणी?

पाहवतं. पण तुमच्यासोबत कोण बसलंय यावर बरंच अवलंबून आहे.

रामानंद सागर यांचं रामायण २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी चाललं. भाग ७८. टाळेबंदीत दूरदर्शनने रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊ असं दोन वेळा पुढचं पुढचं दाखवलं, त्यामुळे दीड वर्षाचं रामायण तीन आठवड्यांत, १८ एप्रिलला संपलं. दुसऱ्या दिवसापासून उत्तर रामायण सुरू झालं.

आमच्या घरी ते मराठी रामायण होऊन गेलं, आणि त्याचं श्रेय सासूबाईंचं. पहिल्याच भागात कौसल्या दिसली तशा त्या म्हणाल्या, ‘अगं, ही तर आपली जयश्री!’ जयश्री गडकर. ‘सांगत्ये ऐका’मध्ये पडदा हलवून सोडणारी नायिका इथे डोक्यावर पदर घेऊन शांत उभी. दशरथ झालेले बाळ धुरी हे तिचे खऱ्या आयुष्यातलेही यजमान. राम वनवासाला निघतो तेव्हा त्या दोघांचे प्रसंग मी पुन्हा नीट बघितले. ओरडणं नाही, छाती पिटणं नाही. एकमेकांना पुरतं ओळखणारी दोन माणसं एकमेकांचं दुःख पाहताहेत हे जाणवतं. मंथरा म्हणजे ललिता पवार, मूळच्या येवल्याच्या. भरत म्हणजे संजय जोग. पादुका घेऊन परतणारा तो भरत मला रामाइतकाच आवडतो. जोग १९९५ मध्ये फार लवकर गेले, हे सांगताना सासूबाईंचा आवाज बदलला.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. मालिकेच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी आणि तुलसीदासांबरोबर आपल्या एकनाथांच्या भावार्थ रामायणाचंही नाव आहे. लेकीने ते वाचलं आणि विचारलं, ‘म्हणजे मराठीतही वेगळं रामायण आहे?’ तो दिवस आमच्याकडे त्या एकाच प्रश्नावर गेला. चित्रीकरण झालं ते उंबरगावला, पश्चिम रेल्वेवर घोलवड सोडलं की लगेच, गुजरातच्या हद्दीत. आपल्या इतक्या जवळ.

उणिवा आहेतच. वेग फार संथ आहे. एक बाण सुटतो, समोरून दुसरा सुटतो, दोन्ही आकाशात भेटेपर्यंत मी पोळ्या लाटून घेत असे. एकेका संवादावर दरबारातल्या प्रत्येकाचा चेहरा दाखवत बसतात. आणि अग्निपरीक्षेच्या भागाने लेक रडली नाही, चिडली. तुलसीदासांचा आधार घेऊन ती सीता छाया होती, खरी सीता अग्नीकडे सुरक्षित होती, असं मालिका सांगते. लेकीला ते पटलं नाही. मलाही लहानपणी पटलं नव्हतं, फक्त तेव्हा मी बोलले नव्हते.

त्या एप्रिलमध्ये अरविंद त्रिवेदींचा एक छोटा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. रावणाचं काम केलेला हा कलाकार म्हातारपणी घरी टीव्हीसमोर बसून सीताहरणाचा प्रसंग बघतोय आणि हात जोडतोय. मला रामायणाबद्दल जे वाटतं ते त्या जोडलेल्या हातांत होतं.

१६ एप्रिलच्या भागाने जागतिक विक्रम केला म्हणतात, खरं का?

त्या भागाला ७ कोटी ७० लाख प्रेक्षक लाभले आणि हा जागतिक विक्रम आहे, असं दूरदर्शनने जाहीर केलं होतं. आकडा प्रचंड आहे, पण विक्रम म्हणणं मला पटत नाही. अमेरिकेत २८ फेब्रुवारी १९८३ ला ‘मॅश’ या मालिकेचा शेवटचा भाग १० कोटींहून जास्त लोकांनी पाहिला होता. रामायणाला विक्रमाची गरज मला तरी वाटत नाही.

मग महाभारत?

माझ्या मते दोघांतली सरस मालिका हीच. बी. आर. चोप्रांचं महाभारत २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, भाग ९४. टाळेबंदीत ते डीडी भारतीवर दुपारी बारा आणि संध्याकाळी सातला लागायचं.

सासूबाईंना आधी ते लावायचंच नव्हतं. महाभारत घरात वाचू नये, भांडणं होतात, हा त्यांच्या माहेरचा समज. शेवटी लेकीच्या हट्टापुढे त्यांनी हात टेकले आणि मग एकही भाग चुकवला नाही.

या मालिकेची ताकद शब्दांत आहे. राही मासूम रझांनी संवाद लिहिले ते आजही कानाला शिळे वाटत नाहीत. काळालाच निवेदक करणं ही कल्पना तर अफाट. पडद्यावर फिरतं चक्र आणि हरीश भिमाणींचा आवाज, बस. त्या दिवसांत, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसताना, काळ आपल्याशी बोलतोय हे ऐकून अंगावर काटा यायचा. कृष्ण झालेले नितीश भारद्वाज हे आपले मराठी, शिक्षणाने पशुवैद्य. त्यांच्या कृष्णाच्या हसण्यात थोडी काळजी असते. तेवढी एक गोष्ट मला कुठल्याच नव्या कृष्णात सापडलेली नाही.

द्यूतसभेचे भाग आम्ही दुपारी बाराला, ताटं पुढ्यात घेऊन पाहत होतो. रूपा गांगुलींची द्रौपदी सभेला विचारते : युधिष्ठिर आधी स्वतःला हरले असतील, तर मला पणाला लावायचा हक्क त्यांच्याकडे उरलाच कुठे? भीष्मांकडे उत्तर नाही, द्रोणांकडे नाही. लेकीचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, ‘एवढे मोठे लोक आहेत, एकालाही उत्तर येत नाही?’ सासूबाई म्हणाल्या, ‘येतं गं. द्यायचं नव्हतं.’ आमटी निवली त्या दिवशी, कुणी उठून गरम केली नाही.

जुन्या हिंदी मालिकांतलं हलकंफुलकं काही?

‘श्रीमान श्रीमती’. १९९४ ची, दिग्दर्शक राजन वाघधरे. आपल्या बायकोपेक्षा शेजाऱ्याची बायको बरी वाटणारे दोन नवरे, एवढंच कथानक. रीमा लागूंची कोकिला कुलकर्णी हे मात्र काम शिकवण्याजोगं आहे. सिनेमात त्यांना एकामागून एक सोज्वळ आईच करायला लावली, इथे त्यांची विनोदाची वेळ किती अचूक होती ते दिसतं. सूप पिता पिता भुवई वर जाते आणि तेवढ्यात अख्खा प्रसंग होऊन जातो. रीमाताई १८ मे २०१७ ला गेल्या. त्यांच्यासोबत केशव झालेले जतीन कनाकिया त्याआधीच, १९९९ मध्ये.

आजारी माणसाला द्यायची असेल तर आधी ही द्या. टाके असतील तर जपून. आमच्या आत्याबाईंना पोट धरून हसू आलं आणि टाके दुखले.

रहस्यकथा आवडते, पण रक्तपात नको. काय पाहू?

‘ब्योमकेश बक्शी’, बासू चटर्जींनी १९९३ मध्ये केलेली. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या कथा, रजित कपूर ब्योमकेश आणि के. के. रैना अजित. हा माणूस स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो, आणि मालिकाही तशीच आहे : पाठलाग नाही, पिस्तुलं फारशी नाहीत, दोन माणसं चहा पीत बोलताहेत. बहुतेक कथा एका भागात संपतात, त्यामुळे औषधाच्या गुंगीत एखादा दिवस सुटला तरी अडत नाही. सध्याच्या मालिकांत मागचे सहा भाग लक्षात ठेवावे लागतात, दुखणाईताला ते झेपत नाही.

मराठी वाहिन्यांवर तेव्हा काय होतं?

१९ मार्च २०२० पासून चित्रीकरणं थांबली. वाहिन्यांकडे साठ्यातले भाग होते ते संपले आणि मग जुनंच पुन्हा दाखवायला लागले. ज्या घरांत संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा ठरलेल्या मालिका चालत, त्या घरांतल्या बायकांचं काय झालं असेल, याचा विचार फार कमी लोकांनी केला. सासूबाईंसाठी त्या मालिकांतली माणसं म्हणजे रोज घरी येणारी माणसं होती. ती एकदम यायची बंद झाली. त्या काही बोलल्या नाहीत, पण सातला टीव्हीसमोर येऊन बसायच्या आणि जुना भाग लागला की उठून जायच्या.

जून-जुलैत परवानगी मिळून कामं सुरू झाली आणि १३ जुलैपासून झी मराठीवर नवे भाग दिसले. पहिल्या आठवड्यात सगळी पात्रं एकमेकांपासून लांब उभी राहून बोलत होती. लग्नात माणसं दहा. सासूबाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हीपण घाबरलीयेत बिचारी.’ मालिकांवर टीका करायला मीही कमी करत नाही, रडगाणी आणि कटकारस्थानं मला सोसत नाहीत. पण त्या दिवसापासून मी ही माणसं रोज जीव मुठीत धरून कामाला जातात हे विसरलेले नाही.

पासष्टच्या वरच्या कलाकारांना तेव्हा सेटवर मनाई होती. ही अट मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. घरातले आजी-आजोबा हे मराठी मालिकेचं अर्धं बळ असतं, म्हणून ही अट आपल्याकडे फार जाणवली. ‘अग्गंबाई सासूबाई’तले आजोबा म्हणजे रवी पटवर्धन, वय त्र्याऐंशी. त्यांचा तो भारदस्त आवाज त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायमचा थांबला. सासूबाई त्यांना ‘आमचे आजोबा’ म्हणायच्या, स्वतः अठ्ठ्याहत्तरच्या असून.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्रातली चित्रीकरणं पुन्हा थांबली तेव्हा बऱ्याच मालिकांनी बाडबिस्तरा गोव्याला आणि सिल्वासाला हलवला. अचानक सगळ्या घराण्यांना सहलीला जायची हुक्की आली आणि अंगणात माड दिसायला लागले, ते त्यामुळे. मे महिन्यात गोव्याने परवानग्या रद्द केल्या. तिथल्या लोकांचा राग मी समजू शकते, रुग्णालयं भरलेली असताना बाहेरून माणसांचे ताफे येणं कुणाला आवडेल?

मराठी वेबसिरीज म्हणून ‘समांतर’ कशी आहे?

पहिले पाच भाग जरूर पाहा. १३ मार्च २०२० ला आलेली, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची, नऊ भागांची. कुमार महाजन हा नशिबाला कंटाळलेला माणूस, त्याला कळतं की आपल्यासारख्याच हस्तरेषा असलेला सुदर्शन चक्रपाणी नावाचा माणूस आपलं आयुष्य आधीच जगून मोकळा झालाय. स्वप्नील जोशीला चॉकलेट हिरो म्हणून बाजूला सारलेल्यांनी हे काम बघावं. सतीश राजवाडेंनी शोधाचा भाग मस्त बांधलाय. नववा भाग मात्र गोष्ट अर्ध्यावर टाकून संपतो आणि पुढचं कळायला आम्हाला १ जुलै २०२१ पर्यंत थांबावं लागलं. आता दोन्ही सीझन आहेत, तुम्हाला तो त्रास नाही. नवरा मधल्या काळात कादंबरी मिळवून वाचून मोकळा झाला आणि आम्हाला काही सांगेना.

घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहण्यासारखी एकच वेबसिरीज?

‘पंचायत’, पहिला सीझन. ३ एप्रिल २०२० ला आली, आठ भाग. यात शिव्या थोड्या आहेत, पण सासू-सुनेला एकत्र बघताना मान खाली घालावी लागत नाही.

अभिषेक त्रिपाठी या शहरी इंजिनिअर मुलाला दुसरी चांगली नोकरी मिळत नाही, म्हणून तो महिना वीस हजारावर उत्तर प्रदेशातल्या फुलेरा गावात पंचायत सचिव होतो. आपल्याकडे ग्रामसेवक म्हणतो तो. पहिल्या दिवशी कार्यालयाला कुलूप आणि किल्ली हरवलेली. एक भाग आहे तो चाकाच्या खुर्चीचा. त्याने हौसेने आणलेली फिरती खुर्ची आणि गावात आलेला नवरदेव अडून बसतो की मला त्याच खुर्चीवर बसायचंय. खुर्चीपायी अख्खं लग्न लोंबकळतं. आठ भागांत कुणी मरत नाही, कुणी कुणाला संपवत नाही, आणि तरी उद्या काय होईल याची ओढ लागते. मोठमोठ्या खुनांच्या मालिकांना हे जमत नाही. हे जमायला गाव बसून, थांबून बघावं लागतं.

पण मी ती सगळ्यांना बघायला सांगते ती शेवटच्या भागासाठी. कागदावर प्रधान आहेत मंजू देवी, म्हणजे नीना गुप्ता. कारभार बघतो तो नवरा, रघुवीर यादव. २६ जानेवारीला जिल्हाधिकारी बाई येतात, खरी प्रधान कुठे आहे विचारतात, आणि घराबाहेर न पडलेली ती बाई झेंडावंदनाला उभी राहून अडखळत राष्ट्रगीत म्हणते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बायकांना गावकारभारात एकतृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. पाटी बाईच्या नावाची आणि खुर्चीत नवरा, हे आपल्याकडेही काही कमी नाही.

माझ्या चुलत सासूबाई खटाव तालुक्यात पाच वर्षं सरपंच होत्या. तो भाग त्यांनी बघावा म्हणून मी फोनवरून कसा लावायचा ते अर्धा तास समजावलं. रात्री त्यांचा फोन आला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘पहिल्या ग्रामसभेत माझा आवाजच फुटला नव्हता गं. तुझ्या सासऱ्यांनी कागद हातातनं घेतला आन् वाचला. दुसऱ्या वर्षी मी नाही दिला.’ दहा वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या सीझनमध्ये राजकारण आणि मारामाऱ्या वाढत गेल्या. दुसऱ्या सीझनला २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात वेबसिरीजचा पहिला पुरस्कार मिळाला, त्याचा आनंदच आहे. तरी माझा जीव पहिल्यातच अडकलाय.

‘स्कॅम १९९२’ समजायला शेअर बाजार कळावा लागतो का?

नाही. एक गोष्ट कळली की पुरे. तेव्हा बँका एकमेकींना सरकारी रोखे विकत आणि ठरलेल्या दिवशी परत घेत. रोखे दरवेळी हातात दिले जात नसत, त्याऐवजी बँकर्स रिसीट, म्हणजे बीआर नावाचा एक कागद दिला जाई. हे मला माझ्या लेकीने असं समजावलं : ‘म्हणजे वर्गात टिफिन न देता टिफिनची चिठ्ठी द्यायची.’ अगदी बरोबर. काही छोट्या बँकांनी, त्यात आपली बँक ऑफ कराडही होती, डब्यात काही नसताना चिठ्ठ्या फाडल्या. त्यावर उचललेला पैसा हर्षद मेहता या दलालामार्फत शेअर बाजारात गेला. २३ एप्रिल १९९२ ला पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी छापून आली आणि डोलारा कोसळला.

हंसल मेहतांचं दिग्दर्शन, प्रतीक गांधीचं काम, अचिंत ठक्करचं संगीत, सगळं पहिल्या प्रतीचं. श्रेया धन्वंतरीची सुचेता मला फार आवडली, धडपडी, हट्टी. माझी तक्रार एकच, आणि ती मोठी आहे. दहा भागांत हर्षद मेहताची ऐट इतकी लाडाने दाखवलीये, की ज्यांची आयुष्यभराची पुंजी बुडाली ते लोक कोपऱ्यात राहतात. आमच्या इमारतीत एक काका आहेत, त्यांनी तेव्हा मुलीच्या लग्नाचे पैसे घातले होते. त्यांनी पहिला भाग बघून टीव्ही बंद केला.

परदेशी मालिकांतली एखादी?

‘चेर्नोबिल’. पाचच भाग, २०१९ ची. टाळेबंदीत बघितली म्हणून असेल, पण हादरून गेलो. अणुभट्टी फुटलीये आणि वरिष्ठ सांगताहेत, फुटू शकत नाही, म्हणजे फुटली नाही. रोज संध्याकाळी आपण आकडे ऐकत होतो त्या दिवसांत हे बघणं सोपं नव्हतं. घरात कुणी आजारी असेल तेव्हा लावू नका.

‘मनी हाइस्ट’ लेकीच्या मैत्रिणींच्या घरी चालायची, आम्हाला तिसऱ्या भागापुढे जमली नाही.

लहान मुलांसोबत?

‘मालगुडी डेज’. शंकर नाग यांचं दिग्दर्शन, आर. के. लक्ष्मण यांची चित्रं, अगुंबेच्या पावसातलं गाव. स्वामीची भीती, त्याची मैत्री, वडिलांचा धाक, यातलं काहीही मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

एकच टीव्ही आणि चार मतं. भांडण कसं मिटवायचं?

आम्ही वेळा वाटून घेतल्या. सकाळ आणि सात वाजताची वेळ सासूबाईंची, दुपार लेकीची, रात्री साडेनऊनंतर आमची. नियम दोन. आपली वेळ नसताना बसलात तर नावं ठेवायची नाहीत. आणि पुढे काय होणार ते माहीत असलं तरी बोलायचं नाही. दुसरा नियम नवऱ्याला जड गेला.

किती ॲप घ्यावीत?

एका वेळी एकच, तेही महिन्याचं. यादी करा, एक ॲप घ्या, हवं ते पाहा, बंद करा, मग दुसरं. आपोआप पैसे कापायची परवानगी आठवणीने काढून टाका. माझे एका ठिकाणी पाच महिन्यांचे पैसे असेच गेले, पासवर्ड विसरलेला आणि रद्द करायचं बटण सापडेना.

टाळेबंदीत चित्र एवढं धूसर का दिसायचं?

तुमच्या फोनचा दोष नव्हता. सगळा देश घरी बसल्याने जाळ्यावर ताण आला, म्हणून मार्च २०२० च्या शेवटी सगळ्या मोठ्या ॲपनी मिळून मोबाइल नेटवर चित्राचा दर्जा ४८० पर्यंत खाली आणला होता.

सध्या तुमच्याकडे काय चालू आहे?

‘बुनियाद’. रमेश सिप्पी, मनोहर श्याम जोशी, १९८६. फाळणीत लाहोर सोडून आलेल्या कुटुंबाची गोष्ट, मास्टर हवेलीराम आणि लाजोजी, शंभरावर भाग. सासूबाई गेल्या महिन्यात बाथरूममध्ये घसरल्या, मनगटाला प्लास्टर आहे, म्हणून आम्ही पुन्हा रोज रात्री नऊला बसतो.

त्या कल्याणच्या. फाळणीनंतर निर्वासितांची छावणी पडली आणि तिचं पुढे उल्हासनगर झालं, ते त्यांच्या लहानपणी, त्यांच्या डोळ्यांदेखत. परवा लाजोजी बाजेवर बसून घरामागून घर आठवत होती तेव्हा सासूबाईंनी थांबवायला सांगितलं. त्यांच्या वर्गात एक सिंधी मुलगी होती, डब्यात रोज जाड, कांदा घातलेली कोकी आणायची. एकदा सासूबाईंनी तिला विचारलं होतं, तुझं गाव कुठलं. ती म्हणाली होती, आता नाहीये.

‘तेव्हा मला वाटलं, हिला पत्ता पाठ नाही,’ सासूबाई म्हणाल्या. मग डाव्या हाताने रिमोट माझ्याकडे सरकवला. ‘लाव पुढे.’